चांदीसकट हाडं

आप्पांनी एकदा मनावर घेतलं की नांदूरघाटात काहीही होऊ शकतं, फक्त जे व्हायला पाहिजे ते सोडून. लहान पोरांच्या हाडांची घनता मोजणारी कुठल्याशा संस्थेची गाडी तालुक्यात फिरतेय असं त्यांना कळलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती आपल्या गावाकडं वळवून घेतली. पोराला एका फळीवर निजवायचं, वरून मशीनचा हात सावकाश फिरतो, आणि हाडं किती भरीव, अंगात मांस किती, चरबी किती, ते सगळं पडद्यावर येतं. तपासणी म्हणायची ती एवढीच. पण नुसत्या तपासणीनं आप्पांचं समाधान होतंय होय! त्यांनी चौकात बॅनर ताणला, 'भव्य बाल हाडशक्ती स्पर्धा'. त्यावर मशीनचा फोटो अंगठ्याएवढा आणि आप्पांचा माणसाएवढा. पहिल्या नंबराला फेटा आणि पेढे. पहिला नंबर कुणाचा येणार ते बॅनर छापणाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं, कारण बॅनरच्या कोपऱ्यात अंगदचा फोटो आधीच छापलेला होता.

अंगद म्हणजे आप्पांचा एकुलता एक नातू. वय आठ, गाल वाटोळे, मनगटावर वळ्या. "बाळसं बघा पोराचं!" असं येणारा-जाणारा म्हणायचा आणि आप्पा मिशीवरून हात फिरवायचे. त्या बाळशाखाली काय आहे हे फक्त त्याची आई, विजयमाला, जाणत होती. पोरगं रात्री पाय चेपून घेतल्याशिवाय झोपत नव्हतं. गेल्या वर्षी दिवाणावरून उतरताना त्याचं मनगट मोडलं. या उन्हाळ्यात नुसतं पाटावरून उठताना तोल गेला, तर कोपराजवळचं हाड गेलं. पाटावरून! पाट तो केवढा, दोन बोटं उंचीचा.

"दृष्ट लागली," असं आप्पांनी दोन्ही वेळा निदान केलं होतं. पोराला उन्हात सोडायचं नाही, गल्लीत खेळू द्यायचं नाही, तूप वाढवायचं आणि करदोट्यात एक ताईत वाढवायचा, हा त्यांचा इलाज. त्यामुळं अंगदच्या कमरेचा चांदीचा करदोटा आता बैलाच्या साखळीशी स्पर्धा करत होता. देवळातले ताईत होते, दर्ग्यातले होते, आणि मधोमध पणजोबांचा निजामाच्या काळातला रुपया लोंबत होता. देवाधर्माच्या बाबतीत आप्पा कुणालाच नाराज करत नसत, मतदार सगळीकडं असतात.

म्हणून ही गाडी आली तेव्हा विजयमालेला वाटलं, चला, कुणी तरी एकदाचं खरं सांगेल. नवऱ्याला, विजयसिंहाला, तिनं तेवढं बोलूनही दाखवलं. तो मांजरसुंब्याला ढाब्यावर कार्यकर्त्यांसोबत बैठकीला निघाला होता. "बघू की," म्हणाला. त्याच्या तोंडून निघणारा हा सगळ्यात मोठा निर्णय असायचा.

शिबिराच्या सकाळी पहिला मान अर्थातच अंगदचा. गाडीतल्या डॉक्टर अलिना बीडच्याच होत्या, शांत आणि मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अंगावरचं धातूचं सगळं काढा. मशीनला चांदी आणि हाड यातला फरक कळत नाही, चांदीलाही हाडच धरतं ते."

आप्पांचा चेहरा उतरला. "करदोटा काढायचा? अवो डॉक्टरीणबाई, माणूस मेल्यावर तोडतेत करदोटा. माझ्या नातवाची कंबर जितेपणी मोकळी करायची?"

"आप्पा, पाच मिनिटांचाच तर प्रश्न हाय," विजयमाला हळूच म्हणाली.

"तू गप ऱ्हा. तुला काय कळतंय त्यातलं!"

"मग येणाऱ्या आकड्याला काही अर्थ राहणार नाही," अलिना म्हणाल्या.

"तुमी आकडा काढा, अर्थ आमी काढू," आप्पा म्हणाले. राजकारणात चाळीस वर्षं काढल्यावर माणूस असं सहज बोलून जातो.

अंगद चांदीसकट फळीवर निजला. पडद्यावर कमरेच्या जागी पांढराशुभ्र पट्टा उमटला आणि आकडा असा काही चढला की अलिनाबाईंनी कपाळाला हात लावला. त्या "हे चुकीचं आहे" असं म्हणत राहिल्या, तोवर आप्पा बाहेर पोचलेसुद्धा. भोंग्यावरून गावाला कळलं की अंगदची हाडं जिल्ह्यात एक नंबर! टाळ्या झाल्या, फटाके झाले.

त्यानंतर काय व्हायचं ते झालं. चांदीनं मार्क वाढतात ही बातमी गावात पसरायला कितीसा वेळ लागणार? साखराबाईनं नातीला आपला लग्नातला कमरपट्टा बांधून आणलं, आणि ती नात त्या ओझ्यानं नीट चालेना. धुळाजीनं तर पोराच्या खिशात कुलूप घातलं. "काढा म्हणून आमालाच कावून सांगताव? आप्पांच्या नातवाचं काढलं का?" असं प्रत्येक जण विचारायचा आणि पोराला तसंच फळीवर निजवायचा. गावातल्या पोरांची हाडं त्या दिवशी लोखंडाची, पितळेची, चांदीची निघाली. हाडाची हाडं मात्र कुणाचीच मोजली गेली नाहीत.

विजयमाला घरात येऊन चुलीपुढं बसली आणि तिला रडू फुटलं. एवढी दारात आलेली गाडी तशीच परत जाणार, आणि पोरगं पुन्हा कुठं तरी मोडून घेणार! सासू, भिवराबाई, भाकरी थापत होत्या. त्यांनी सुनेकडं पाहिलं, हात धुतले आणि फडताळातून काळा सुती दोरा काढला.

"अगं, तोडायचाच न्हाई. आधी हा नवा बांध, मग तो चांदीचा सोड. कंबर मोकळी ऱ्हात न्हाई, रीत बी मोडत न्हाई. आमच्या मालकाला रीत ठाव हाय, तिच्यातली वाट ठाव न्हाई."

"मामी, आप्पांना कळलं तर?"

"ते पाव्हण्यांबरोबर मटनावर बसलेत. आता त्यांना भूकंप झालेला बी कळायचा न्हाई. पळ."

विजयमाला पोराला घेऊन मागच्या बोळानं गाडीकडं गेली. या वेळी कमरेला नुसता काळा दोरा. अलिनाबाईंनी दार लावून घेतलं. मशीनचा हात फिरला. पडद्याकडं बघताना त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, घाबरू नका, पण हयगयही करू नका," त्या म्हणाल्या. "वयाच्या मानानं याची हाडं बरीच कमकुवत आहेत. वरून दिसतं ते मांस नाही, निम्मी चरबी आहे. रक्त तपासून कारण शोधावं लागेल, बीडला घेऊन या. ऊन, दूध, चालणं-फिरणं हवं. फक्त उंचावरून उडी-बिडी सध्या अजिबात नको. तुम्ही सांगता तसं दोनदा मोडलंय, तिसऱ्यांदा पायच जायचा."

परत येताच तिनं करदोटा पहिल्यासारखा चढवला आणि विजयसिंहाला गाठलं. सगळं सांगितलं. त्यानं इकडं तिकडं बघितलं. "आज नको. आज माणसं हायती," तो म्हणाला.

माणसं होतीच. संध्याकाळी चौकात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं व्यासपीठ झालं होतं. अंगदच्या डोक्यावर फेटा चढला, गळ्यात हार पडला, आणि आप्पांच्या हातात माईक आला. माईक हातात आला की आप्पांना पुढचं काही दिसत नसे.

"ह्या पोराच्या हाडात दगड भरलाय दगड! मशीननं सांगितलंय! पटत न्हाई कुणाला? मग बघा आता." त्यांनी नातवाला ट्रॉलीच्या फळकुटावर उभं केलं. खाली फरशी. "मार रे उडी, अंगद! दाव ह्यांना!"

गर्दीनं टाळ्यांचा ठेका धरला. अंगदनं खाली पाहिलं, मग आजोबाकडं, आणि गुडघे वाकवले.

विजयमाला बायकांमधून उठली. डोक्यावरचा पदर कुठं गेला हे तिला कळलं नाही. माणसं ढकलत ती पुढं गेली, ट्रॉलीपाशी जाऊन पोराचे दोन्ही पाय तिनं छातीशी आवळून धरले.

"आप्पा, उडी मारायची तर तुमच्या चांदीला मारू द्या. माझं लेकरू न्हाई मारणार! ते आकडे चांदीचे हायती. दुपारी मी पुन्हा मोजून आणलंय, पोराची हाडं ठिसूळ हायती, डॉक्टरीणबाई हितंच उभ्या हायती, विचारा त्यांना!"

ठेका थांबला. नांदूरघाटाच्या सुनेनं भर चौकात सासऱ्याला तोंड दिलंय, हे पचवायला गावाला थोडा वेळ हवा होता. आप्पांनी गर्दीतल्या अलिनाबाईंकडं पाहिलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली. आप्पांचा चेहरा रागानं लाल झाला, पण तेवढ्यात आईनं आवळून धरलेले पोराचे पाय त्यांच्या नजरेला पडले. मग ते नातवापाशी वाकले. माईक चालूच होता.

"का रे? पाय दुखतेत तुझे?"

"रोजच दुखतेत, आप्पा."

"मग मला कावून न्हाई सांगितलंस?"

अंगदनं आईच्या डोक्यावर हात ठेवून तोल सावरला. त्याचा बारीक आवाज भोंग्यातून सगळ्या गावानं ऐकला.

"तुमीच म्हणलात ना, आपल्या घरातले गडी रडत नसतेत. म्हून मी गोधडीत तोंड घालून रडतो."