‘आहे’ म्हणायची सवय

दुकानदाराने ‘नाही’ म्हणायचे नसते, ही वहिनींना सासऱ्यांकडून मिळालेली एकुलती एक इस्टेट. दुकान भाड्याचे होते; शिकवण तेवढी स्वतःच्या मालकीची. गिऱ्हाईक मागेल ते आपल्याकडे आहेच. फळीवर नसेल तर त्याला संध्याकाळी यायला सांगावे आणि तोवर कुठूनही पैदा करावे. वीस वर्षांत वहिनींनी या तत्त्वाला एकदाही बट्टा लागू दिला नव्हता. त्यामुळे गळ्यात पालिकेचे ओळखपत्र अडकवलेला पाहणीवाला टॅबमध्ये मान घालून पायरीवर उभा राहिला आणि “पालक आहे?” म्हणाला, तेव्हा त्यांच्या तोंडून जे निघायचे तेच निघाले.

“आहे.”

“टोमॅटो?”

“आहेत ना.”

“गाजर, कोबी, सफरचंद?”

“सगळं आहे, साहेब. किती देऊ?”

“द्यायचं काही नाही. इथं बोटानं सही करा.”

वहिनींच्या पाठीमागे तळलेल्या कुरकुऱ्यांची पाकिटे, बिस्किटे आणि रंगीत सरबताच्या बाटल्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. पाहणीवाल्याने त्या पाहिल्या नाहीत. प्रश्नावलीत ‘मान वर करावी’ अशी सूचना नव्हती, आणि विद्वानांनी तयार केलेल्या प्रश्नावलीत स्वतःच्या डोळ्यांची भर घालण्याइतका तो उद्धट नव्हता.

वहिनींनी त्याच दिवशी पाण्याच्या टाकीखाली लागणाऱ्या पालिकेच्या भाजीच्या गाडीवरून पाचही जिन्नस आणून ठेवले. साहेब काही फिरकला नाही. पालक सासूबाईंच्या ताटात गेला, आणि ते बरेच झाले. सासूबाईंची साखर वाढलेली. डॉक्टरने गोळ्यांच्याही वर ‘पालेभाजी, रोज’ असे लिहून दिले होते, जणू तीही औषधांच्या दुकानात मिळते. मिळत होती ती फक्त या गाडीवर, मंगळवारी आणि शुक्रवारी. एरवी भाजीबाजार दोन बस बदलून.

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी गाडी आली नाही. टाकीच्या खांबाला कागद डकवलेला होता: वस्तीत ताजी भाजी उपलब्ध असल्याचे आढळल्याने फेरी बंद करण्यात येत आहे. खाली, सोयीसाठी, वहिनींचे नाव आणि दुकानाचा पत्ता.

दहा वाजता शिंपीणताई रिकामी पिशवी घेऊन हजर झाल्या. मागे आणखी आठ-दहा पिशव्या.

“काय वहिनी, एवढी भाजी दडवली कुठे? बिस्किटांच्या मागे?”

“मला काय विचारता, ताई? मी काय केलंय?”

“ते तुम्हीच सांगा. कागदावर तुमचं नाव आहे, आमचं नाही.”

वहिनी दुकानाचे शटर ओढून थेट पालिकेच्या कचेरीत गेल्या. नकाशाच्या टेबलामागच्या बाईंनी लाल ठिपक्यांच्या गर्दीतल्या एकमेव हिरव्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवली.

“ह्या तुम्ही.”

“पण माझ्याकडे भाजी नाही.”

“सही तुमचीच आहे. ‘आहे’ म्हणालात.”

“आता दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?”

“म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?”

वहिनी विचारात पडल्या. दोन्ही वेळा त्या खरेच बोलल्या होत्या. ‘आहे’ म्हणजे संध्याकाळपर्यंत असेल, एवढे तर शेंबड्या पोरालाही कळते.

“पंधरा दिवसांत फेरतपासणी होईल,” बाई म्हणाल्या. “भाजी नसली तर गाडी पुन्हा सुरू.”

“आणि असली तर?”

“असली तर गाडी हवीच कशाला?”

वाक्य बिनतोड होते. अशा बिनतोड वाक्यांवर मोठमोठ्या योजना उभ्या असतात, आणि त्यांच्या सावलीत माणसे उपाशी नव्हे, फक्त कुरकुरे खाऊन राहतात. वहिनी घरी आल्या त्या डोके धरूनच.

सासूबाईंना पंधरा दिवस बिस्किटांवर ठेवता येत नव्हते. वहिनी पहाटे दोन बस बदलून भाजीची एक गोणी मांडीवर घेऊन यायच्या. निम्मी भाजी बायका दारातच उचलायच्या, दुपारपर्यंत गोणी झटकून ठेवलेली. दोनशे घरांना एक गोणी.

“अगं, तू आणतेस म्हणून गाडी येणार नाही,” सासूबाई ताटावर बसून म्हणाल्या, “आणि गाडी येत नाही म्हणून तू आणतेस. मग मी नेमकं काय करू?”

“पालक खा, आई.”

तेराव्या दिवशी वहिनी बसमधून उतरून गोणी पायरीवर टेकवतात तोच पाहणीवाला समोर. या खेपेला सूचना सुधारलेली असावी. त्याची मान वर होती.

“पालक आहे?”

गोणीच्या तोंडातून पाने लोंबत होती. पिशव्या घेऊन जमलेल्या बायकांतून शिंपीणताईंनी मागून चिमटा काढला. वहिनींनी जिभेवर आलेले वीस वर्षांचे ‘आहे’ परत गिळले.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“मग हे काय आहे?”

“हे आईंचं आहे.”

“आणि टोमॅटो माझे,” शिंपीणताईंनी गोणीत हात घातला. “गाजरं हिची. नुसते बघत काय उभे राहिलात? घरची भाजीसुद्धा नोंदवायची असते का?”

“मग विकायला?” पाहणीवाल्याने विचारले.

“विकायला काही नाही, साहेब,” वहिनी म्हणाल्या.

त्याचे बोट टॅबवर घुटमळत राहिले. चौकोन दोनच होते; समोर दिसणाऱ्या आणि तरीही नसलेल्या भाजीसाठी तिसरा कोणी आखला नव्हता. अखेर त्याने एक दाबला आणि टॅब पुढे केला. “शुक्रवारपासून गाडी लागेल. इथं बोटानं.”

वहिनींनी सही केली. ती आनंदाची की शरमेची, हे त्यांना काही केल्या उमगेना.

“वहिनी, साबण आहे का?” गर्दीमागून एका बाईने विचारले.

“नाही,” वहिनी म्हणाल्या.

गिऱ्हाइकाने त्यांच्या खांद्यावरून फळीवरच्या साबणांच्या रांगेकडे पाहिले. मग वहिनींनीही वळून पाहिले, आणि आपल्या दोघींपैकी कोण चुकते आहे हे ठरवायला त्या साबण मोजू लागल्या.