पंच्याण्णव दिवसांचं पाणी

यज्ञेश्वरांनी जिल्हा कचेरीत चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर एक राजधानी वसवली. तिचं नाव धूम्रशिला. यवतमाळच्या घरी, मागच्या खोलीत बसून अकरा वर्षं त्यांनी तिचं गॅझेटियर लिहिलं. इतिहास, स्थळं, चालीरीती, सगळं कलमवार. काळ्या दगडाच्या पठारावरचं शहर. पंखवाल्या घोड्यांची पागा. गुन्हेगाराला शिक्षा म्हणून भर चौकात गायला लावणारा न्यायमंडप. नवी सून वेशीवरच्या दगडाला आपलं माहेरचं नाव सांगून मगच आत येते, आणि दगड ते विसरत नाही.

सोमवारी हस्तलिखित छापखान्यात जायचं होतं. रविवारी सकाळी त्यांनी 'पाणीपुरवठा' हे प्रकरण भैरवीपुढे ठेवलं. भैरवी त्यांची मुलगी, भूजल खात्यात नोकरीला; गावोगाव हिंडून विहिरींची पातळी मोजायची. आजवर त्यांनी तिला एक पानही दाखवलं नव्हतं.

"चुका काढ," ते म्हणाले. "शुद्धलेखनाच्या नको. तुझ्या विषयातल्या."

पठार बारा चौरस किलोमीटर. पाऊस त्यांनी आपल्याकडचाच धरला होता. काळ्या दगडात पाणी फारसं मुरत नाही. भैरवीने शंभरातले चार भाग धरले. वस्ती चाळीस हजार, माणशी रोज चाळीस लिटर. तिने हिशेब दोनदा केला. 'ठीक आहे' म्हणून पानं परत दिली असती, तरी वाचणाऱ्या कोणाला कळलं नसतं. पण त्यांनी विचारलं होतं.

"बाबा, हे शहर टिकत नाही. वर्षाला पंच्याण्णव दिवसांचं पाणी कमी पडतं. फाल्गुनातच विहिरी आटतील."

चहा घेऊन आलेल्या सुहासिनीबाई दारातच थांबल्या. "खऱ्या गावांना टँकर पुरेना, अन् तू यांच्या खोट्या गावाचे हाल काहून मोजतेस? घोड्यांचं तरी धरलंस का?"

"नाही."

"घोडे नदीवर उडत जातात," यज्ञेश्वर म्हणाले. "प्रकरण सहा." त्यांचा आवाज मात्र पडला होता.

"वस्ती एकोणतीस हजार केली तर भागेल," भैरवी म्हणाली.

"माणसं कमी करायची नाहीत. मोहल्ल्यागणिक घातलीत मी ती. कोणाला काढू?"

"मग नदी जवळ आणा."

"शत्रू वर चढू नये म्हणून तर पठार निवडलं, बाई."

त्यांनी पानं गोळा केली, सगळा गठ्ठा एकत्र घेतला आणि कचेरीतल्यासारखी लाल फीत आवळून बांधली. "नको छापायला," म्हणाले. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "विहिरी आटल्यावर लोक काय करतात गं? तू तर हिंडतेस."

"जातात. पाणी असेल तिथे. नातेवाईकांकडे, नदीकाठी. पाऊस झाला की परत येतात."

यज्ञेश्वरांनी फीत सोडली. कोरा कागद ओढला. "चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. सगळं शहर दाराला कुलूप घालून नदीकाठच्या गावी पाहुणं जाईल. राजासुद्धा. शेतकऱ्याच्या ओसरीवर झोपेल."

"नव्वदच होतात. पाच दिवस राहिले."

"पाच दिवस आधी निघतील."

"अन् पाडवा?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"वाटेत. बैलगाडीच्या दांडीला गुढी." ते भराभर लिहू लागले होते. पान भरलं तसे थांबले. "पण अख्खं शहर ओस कसं टाकायचं? कोणी तरी मागे राहायला हवं."

भैरवीने कॅलक्युलेटर बंद केला. "पातळी मोजणारी राहील. रोज प्रत्येक विहिरीत दोर सोडून. तिने निरोप धाडला, की मगच लोकांनी परतायचं."

"पंच्याण्णव दिवस? एकटी?"

"विहिरी तळापर्यंत कोरड्या होत नाहीत, बाबा. एका माणसाचं भागतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि 'पातळी मोजणारी' असं नवं कलम घातलं. भैरवीने थंड झालेला चहा तसाच पिऊन टाकला.