नरहररावांची गंमत

लग्न होऊन जालन्यात आले तेव्हा मी काडीसारखी होते, असं रजनी सांगायची आणि कुणाचा विश्वास बसत नसे. पार्थच्या बाळंतपणानंतर अंग भरलं ते भरतच गेलं. तिला त्याचं वाईट वाटे, पण तिच्या नवऱ्याला त्या अंगानं जन्माचा विषय मिळवून दिला होता.

नरहरराव नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, किती उगवलं, किती मेलं ते बघायचं, हे त्यांचं काम. माणूस गमत्या म्हणून सगळ्या ऑफिसात प्रसिद्ध. बायको मागे बसली की स्कूटरचं पुढचं चाक उचलतं, हा त्यांचा सगळ्यात जुना विनोद. सोफ्याखाली विटा लावल्यात, आमच्या गोदामातला काटा हिच्यासाठी घरी आणणार आहे, असे बाकीचे. हे सगळं तिच्या देखत, तिच्याच हातचा चहा पिता पिता. पाहुणे हसत, रजनीही हसे. एकदा ती हसली नव्हती, तेव्हा ते म्हणाले होते, बघा, हिचा राग पण वजनदार आहे. तेव्हापासून हसून घेणं सोपं, हे तिला कळलं होतं.

पन्नाशी उलटली तशी तिला शुगर निघाली. गुडघे तर आधीच गेले होते. सून अंतरा बँकेत नोकरीला, तिनं ओळखीच्या डॉक्टर प्रियदर्शनींकडं सासूला नेलं. नरहररावही सोबत गेले. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. पेनासारखं असतं, पोटावर घरच्या घरी टोचता येतं, भूक कमी होते, वजन उतरतं, शुगरही आटोक्यात येते, पण तपासणीला येत राहायचं, असं सगळं समजावून सांगितलं. मग एक गोष्ट दोनदा सांगितली.

"पेन फ्रीजमध्ये खाली ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात चुकूनसुद्धा नाही. एकदा गोठलं की औषध गेलं. दिसायला तसंच दिसतं, पण फेकून द्यायचं."

नरहररावांनी मान डोलावली. ओलं बी गोठलं की तसंच होतं, म्हणाले, वरून काही कळत नाही, आत मेलेलं असतं. त्यांना ते बराबर समजलं होतं.

सुरुवातीला रजनीला फार मळमळलं. भाजीला फोडणी घातली की तोंडावर पदर धरून ती बाहेर यायची. मग ते थांबलं, आणि एक दिवस जेवता जेवता तिच्या लक्षात आलं की पानात अर्धी भाकरी उरलीय आणि ती नकोशी वाटतेय. किती तरी वर्षांत असं झालं नव्हतं. जन्मभर डोक्यात कुणी तरी सारखं बोलत राहावं आणि अचानक गप्प व्हावं, तसं तिला वाटलं. हळूहळू ब्लाउज ढिले झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. संध्याकाळी ती मोती तलावावर फिरायला जायला लागली. डॉक्टरांनी तपासून शुगरच्या गोळ्या कमी केल्या आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

नरहररावांचं मात्र कुठं तरी बिनसलं. ते जुन्या जालन्यातून कचोरी आणत, पूर्वी दोघं मिळून संपवत. आता ती एक तुकडा तोंडात टाकून पुडी बाजूला सारी. "तुम्ही खा ना," म्हणायची. एकट्यानं खायची त्यांना सवय नव्हती, आणि ती समोर बसून नुसती बघतेय, हे तर त्यांना बिलकुल सोसायचं नाही.

त्या वर्षी अंबडला काकासाहेबांच्या पुतणीचं लग्न होतं. काकासाहेब म्हणजे नरहररावांचे ऑफिसातले जुने सोबती. जेवणं झाल्यावर दहाबारा जण खुर्च्या ओढून बसले, नरहरराव रंगात आले आणि त्यांनी स्कूटरचा विनोद सांगितला. तो संपला तरी कुणी हसलं नाही. नवी माणसं इकडंतिकडं बघायला लागली, कुठली वहिनी म्हणून. रजनी तिथंच हिरवी साडी नेसून बसली होती. काकासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग नरहररावांच्या पोटाकडं पाहिलं आणि म्हणाले, आता चाक उचलत असलं तर ते तुमच्यामुळं, वहिनींना कशाला नाव ठेवता? मंडपातले लोक वळून बघण्याइतका हशा झाला. सगळ्यात जास्त वेळ रजनी हसली. तिला आवरेचना, डोळ्यांतून पाणी आलं.

घरी आल्यावर नरहररावांनी आरशासमोर उभं राहून शर्टावरून पोटावर हात फिरवून पाहिला.

पेन संपत आलं तेव्हा त्यांनी अंतराला सांगितलं, तू बँकेतून दमून येतेस, यापुढं ते मी आणत जाईन. अंतराला बरंच वाटलं. त्यांनी मेडिकलमधून नवं पेन घेतलं, बर्फाच्या पिशवीसकट ऑफिसला नेलं आणि प्रयोगशाळेच्या डीप फ्रीजरमध्ये बियाण्याच्या नमुन्यांमागं ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते दगडासारखं झालं होतं. टेबलावर ठेवून त्यांनी ते वितळू दिलं, उजेडात धरून पाहिलं. पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. ते रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, डॉक्टरांनी सांगितलं होतं तिथं, नीट ठेवलं. पुढच्या महिन्यात तेच केलं. मग तो रिवाजच पडला.

रजनी दर रविवारी अंघोळ करून पोटाला स्पिरिट लावायची आणि ते मेलेलं औषध टोचून घ्यायची.

भूक परत आली ती आधी चोरपावलानं आली, मग दांडगाईनं. पोळ्या लाटता लाटता ती गुळाचा खडा तोंडात टाकायला लागली. अर्ध्या भाकरीची एक झाली, एकीच्या दोन. तिला वाटलं, औषधाचा काही दोष नाही, आपल्याच जिभेला ताबा नाही. नरहरराव पुन्हा कचोऱ्या आणायला लागले. पहिल्यांदा तिनं दुसरी कचोरी उचलली तेव्हा ते तिच्याकडं बघत राहिले आणि प्रेमानं म्हणाले, "आलं माझं पोतं परत."

ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. बाहेर अंतरा होती, तिला नळाचा आवाज तेवढा ऐकू आला. निदान अंतरा तसं नंतर म्हणाली.

डॉक्टरांकडं जायची तारीख आली तशी गेली. कोणतं तोंड घेऊन जाऊ, असं रजनीला झालं होतं. ज्या बाईनं पाठीवर थाप मारली तिच्यासमोर पुन्हा वजनकाट्यावर उभं राहायचं धैर्य तिला नव्हतं. अंतरानं विचारलं की नरहरराव सांगत, मी घेऊन जातो, तू काळजी नको करू. त्यांनी नेलं नाही, रजनीनं आठवण केली नाही. गोळ्या कमी केलेल्या त्या कमीच राहिल्या. तिच्या घशाला कोरड पडायची, तांब्या तांब्या पाणी प्यायची. उन्हाळा आहे, म्हणायची.

बारीक झाली होती तेव्हा तिनं हौसेनं नाजूक पट्ट्यांची चप्पल घेतली होती. ती आता पायाला काचायची, पण टाकून दिली तर आपण हरलो असं होईल म्हणून ती वापरत राहिली. अंगठ्याशेजारी फोड आला, फुटला. तिनं हळद लावून चिंधी बांधली. जखम भरेना, दुखेही ना, त्यामुळं तिनं कुणाला सांगितलं नाही.

नरहरराव सेवानिवृत्त झाले तेव्हा घरीच जेवण ठेवलं. ऑफिसचे लोक आले, काकासाहेब आले, घनसावंगीहून नरहररावांची बहीण बेबीनंदा आली. अंतरानं डॉक्टर प्रियदर्शनींना आग्रहानं बोलावलं होतं. त्यांना दारात पाहून रजनी आत पळाली आणि उगाच भांडी हलवत राहिली. शेवटी गुलाबजाम वाढायला तिला बाहेर यावंच लागलं.

तेव्हा भाषणं झाली होती. नरहररावांच्या गळ्यात हार होता. कुणी तरी म्हणालं, साहेब, आता जाताजाता एक सांगा. त्यांनी रजनीकडं पाहिलं. ती वाट्यांचा ट्रे धरून उभी होती, पूर्वीसारखीच भरलेली. लग्नातला तो मंडप त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता, आणि काकासाहेब समोरच बसले होते.

"एक गंमत सांगतो," ते म्हणाले. "हिला वाटतं इंजेक्शन लागू पडेना. अहो, लागू कुठून पडणार? दर महिन्याला ते मी आपल्या डीप फ्रीजरमध्ये मुक्कामाला ठेवून आणतो. गोठून मेलं की घरी. आणि ही दर रविवारी देवपूजा केल्यासारखं पाणी टोचून घेते."

चारपाच जण हसले. बेबीनंदाही हसली, भाऊ सांगतोय म्हणून. रजनीला आधी अर्थ लागला नाही. ती सवयीनं हसली. हसू चेहऱ्यावर असतानाच तिला अर्थ लागला, आणि ते पुसायचं कसं हे तिला कळेना.

डॉक्टर प्रियदर्शनींनी ताटली खाली ठेवली. कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं. नरहरराव अजून हसतच होते, म्हणाले, झाले असतील सातआठ महिने. मग डॉक्टरांची नजर रजनीच्या पायाकडं गेली. त्या उठल्या, तिला खुर्चीवर बसवलं, सगळ्यांसमोर खाली बसून चिंधी सोडली. जवळ बसलेल्या माणसांनी वासानं तोंड फिरवलं.

त्याच संध्याकाळी तिला छत्रपती संभाजीनगरला हलवलं. शुगर इतकी चढली होती की आधी ती उतरवावी लागली. अंगठा आणि शेजारचं बोट वाचलं नाही.

दवाखान्यात नरहरराव बाहेरच्या बाकावर बसून रडले. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांची कीव आली. पार्थ आईच्या उशाशी बसला आणि चाचरत म्हणाला की बाबांचा हेतू वाईट नव्हता, तू होतीस तशीच त्यांना आवडायचीस, आता घरातली गोष्ट घरात राहू दे. रजनीनं त्याच्याकडं फार वेळ पाहिलं. हा आपला मुलगा, याच्या बाळंतपणात आपण फुगलो, एवढाच विचार तिच्या मनात आला.

मग नरहरराव आत आले. मला काय माहीत असं होईल, म्हणाले, मी गंमत केली.

"मग सांगा की सगळ्यांना," ती म्हणाली. "एवढी चांगली गंमत."

ते रागातलं बोलणं आहे, असं त्यांना वाटलं. पण घरी आल्यावर लोक भेटायला यायला लागले तेव्हा त्यांना कळलं. पहिली आली बेबीनंदा. चहा झाला, पाय बघून झाला. रजनी पलंगावर उशीला टेकून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, अहो, वन्संना ती इंजेक्शनची गंमत सांगा ना. बेबीनंदा म्हणाली, वहिनी, ऐकली मी, राहू दे. पण रजनी नवऱ्याकडं बघत राहिली. ती डोळ्यांची पापणी हलवत नव्हती. नरहररावांनी खाली मान घालून दोन वाक्यांत काही तरी सांगितलं.

"देवपूजा राहिली," रजनी म्हणाली. "देवपूजा केल्यासारखं पाणी टोचून घेते, असं होतं. बराबर सांगा."

त्यांनी परत सांगितलं.

त्यानंतर कुणीही येवो, शेजारी, नातेवाईक, सोसायटीचा सेक्रेटरी, चहा संपला की तिचं तेच. आवाज चढवायची नाही, टोमणा मारायची नाही. फक्त सांगायला लावायची, आणि एखादा शब्द सुटला की तो घालून परत म्हणायला लावायची. लोक वाटीतला चिवडा तसाच ठेवून उठायचे. काकासाहेब एकदा आले ते परत आले नाहीत. नरहरराव तलावावर जायचे बंद झाले, कारण तिथंही कुणी तरी विचारायचं, काय नरहरराव, काय ऐकून राह्यलो आम्ही?

पार्थनं आईला हात जोडले. अंतरानं जोडले नाहीत, ती सरळ म्हणाली, "आई, बस झालं. बाबा रात्री झोपत नाहीत."

"मी न्हाणीत रडत होते तेव्हा तू दाराशीच होतीस, अंतरा."

अंतराचा चेहरा उतरला. मला नळाचाच आवाज ऐकू आला, हे तिनं सांगितलं ते तेव्हाच. मग दोघींत बोलणं कमी होत गेलं. पार्थनं पुण्याला बदली मागून घेतली. अंतराला घेऊन निघताना त्यानं वडलांना सोबत चला म्हटलं. नरहररावांनी रजनीकडं पाहिलं आणि नको म्हणाले.

रजनीचं इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. पेन ती स्वतः आणते, काठी टेकत मेडिकलला जाते. वजन पुन्हा उतरलं. डॉक्टर प्रियदर्शनी खूश आहेत, मात्र त्यांनी एकदा तिला विचारलं की मन कसं आहे. छान आहे, रजनी म्हणाली, आणि ते खरं होतं की काय याची डॉक्टरांना भीती वाटली. नरहररावही वाळलेत. तिच्यासमोर त्यांना घास उतरत नाही, आणि स्वतः समोर बसल्याशिवाय ती त्यांना वाढत नाही.

परवा दुपारी तिनं दोन ताटं घेतली. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. नरहररावांनी हात पुढं केला तशी ती म्हणाली, सांगा.

ते म्हणाले, कुणाला सांगू, घरात तर कुणीच नाही.

"मी आहे की."

त्यांनी हात मागं घेतला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं, मेडिकल, डीप फ्रीजर, रुमाल, एकही शब्द न गाळता. रजनी भाकरीचा तुकडा मोडून हळूहळू चावत होती.

"हं," ती म्हणाली. "जेवा आता."

आणि ते जेवले.