मागच्या बाकावरचा आवाज

शिवणबाईंना चर्चमधली माणसं पाठीकडून ओळखू यायची. कुणाची कॉलर उसवलीय, कुणाचा कोट खांद्यात ओढतोय, कुणाचं टक्कल यंदा मानेपर्यंत उतरलंय, सगळं त्यांना पाठ. जन्मभर कपडे शिवून नजरच तशी झालेली. चेहऱ्यांशी मात्र फारसा संबंध येत नसे.

एका माणसाची तर त्यांनी पाठही पाहिली नव्हती, कारण तो त्यांच्या मागच्या बाकावर बसायचा आणि गायचा. गायचा कसला, गाण्याशी भांडायचा! सगळे पहिल्या ओळीवर, तर हा गडी दुसरीच्या वाटेला लागलेला. नाहीतर सगळे गाणं संपवून खाली बसलेले आणि ह्याचं शेवटचं कडवं अजून रेंगाळतंय. दर रविवारी बाईंच्या कपाळाची शीर उडायची. मागे वळून बघणं बरं दिसत नाही, म्हणून त्या नुसती मान हलवून निषेध करायच्या. कितीतरी वर्षं हा निषेध चालू होता. उपयोग काडीचा नाही.

मग चर्चच्या हॉलची फरशी उखडली आणि तिथली सगळी ऊठबस बंद झाली. पाळकांनी जाहीर केलं, "पुढच्या रविवारी उपासना झाली की तळ्याकाठच्या मैदानात जाऊ. कार्यक्रम काही नाही. डबा आणा आणि बसा."

"कार्यक्रमच नाही, तर जायचं कशाला?" बाई घरी येऊन सुनेला म्हणाल्या.

"गप्पा मारायला."

"कुणाशी?"

"आई, तेच तर!" सून म्हणाली, आणि त्या रविवारी तिनं अंडी उकडून, ब्रेडला लोणी लावून डबा त्यांच्या हातात कोंबला.

मैदानात बाक नव्हते, त्यामुळे बसायचं कुठं हेच कुणाला उमगेना. सगळे बसची वाट बघत असल्यासारखे उभे. त्यात सगळे समोरून! बाईंना एकही चेहरा ओळखता येईना. शेवटी एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला वाकले, त्यांची मान दिसली, तेव्हा बाई हरखून म्हणाल्या, "अगबाई, तुम्ही होय!"

एवढ्या ओळखीवर समाधान मानून त्यांनी झाडाखाली चादर अंथरली. तेवढ्यात थर्मास घेऊन एक आडदांड, हसतमुख माणूस आला. "बसू का इथं? चहा आहे माझ्याकडे." तो बसला तो जरा तिरका, उजवा कान बाईंकडे करून.

चहा फक्कड होता. बाईंची जीभ सैल सुटली. "चर्च आपलं छानच आहे हो. पण माझ्या मागं एक रेडा गातो."

त्या माणसाला इतकं हसू फुटलं की चहा सांडला. "रेडा?"

"रेडा परवडला! तो निदान गाण्याच्या वाटेला जात नाही."

"छे छे, फारच त्रास. कुठं बसता तुम्ही?"

"चौथ्या बाकावर. खांबाला लागून."

हसू एकदम थांबलं. "बाई, जरा झाडाकडे तोंड करता?"

बाईंना काही कळेना, पण त्यांनी केलं.

"तोच अंबाडा!" मागून आवाज आला. "अहो, मीच तो रेडा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. वळून बघायची हिंमत होईना. पण माणूस रागावलेला नव्हता. "कारखान्यात बॉयलरपाशी फिटर होतो," तो सांगू लागला. "डावा कान कायमचा गेला, उजवा त्याच्या मर्जीनं चालतो. ऑर्गन कुठवर पोचला, मला कळत नाही. पण तुमची मान हलते ना, तिच्यावर मी ताल धरतो. घरीसुद्धा सांगतो, पुढं एक बाई बसतात, त्यांच्यामुळं माझं गाणं टिकलंय."

आता गप्प बसावं की खरं सांगावं? इतकी वर्षं हा भला माणूस आपल्या मानेच्या भरवशावर गातोय!

"अहो," त्या वळून म्हणाल्या, "ती मान मी तुमच्या गाण्याला वैतागून हलवते!"

फिटरनं थर्मास खाली ठेवला. "म्हणजे मी तुमच्या मागं, आणि तुम्ही माझ्या?"

"आणि ऑर्गनला कुणीच विचारत नाही!"

दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काय झालं म्हणून माणसं जमली, चादरी सरकवून जवळ बसली. किस्सा ऐकून पाळक तर आडवेच झाले. मग चर्चचे दिवे-पंखे बघणाऱ्या वायरमनला जोर आला. "मीही एक सांगून टाकतो. उपदेश करताना पाळकसाहेब सारखं घड्याळाकडे बघतात, पण थांबत मात्र नाहीत." पाळक उठून बसले. बाईंनी त्यांच्या हातात उकडलेलं अंडं ठेवलं.

पुढच्या रविवारी बाईंनी ऑर्गन नीट ऐकून मान डोलवली. पहिलं कडवं मागून असं बिनचूक आलं की बाईंचा ऊर भरून आला. दुसऱ्यालाही चूक नाही. तिसऱ्याला त्यांना ठसका लागला. मान दोनदा जोरात झटकली गेली आणि मागचा आवाज सुसाट सुटला. आता बरं दिसो की न दिसो, बाई सरळ मागं वळल्या आणि सगळ्यांसमक्ष हातानं ताल देऊ लागल्या. फिटर रुळावर आला. ऑर्गन वाजवणारी मुलगी गोंधळून क्षणभर थांबली, आणि मग तीही बाईंच्या हाताकडे बघून वाजवू लागली.