डिस्क कोणाच्या हातून पडली

वडिलांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला. मनगटावरची कमी, भिंतीवरची आणि मनोऱ्यातली जास्त. कुठल्या शाळेच्या घड्याळाचा लंबक थंडीत अडतो, कुठल्या कचेरीतलं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवतात, हे सगळं त्यांना घरच्या माणसांच्या खोडींसारखं पाठ होतं. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. नुसता बसलेला माणूस किती भराभर म्हातारा होतो ते त्यांच्या मोठ्या मुलीने दोन महिने पाहिलं, आणि तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगत जा. मी टाईप करते."

मोठी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर काचेच्या नळ्यांवर नावं चिकटवायची, संध्याकाळी घरी येऊन तोंडावर पाणी मारायचं आणि बाबांसमोर बसायचं, असा तिचा सहा वर्षांचा क्रम. एकेका घड्याळाचं एकेक फोल्डर. त्यात फोटो, बनावट, दुखणं, उपाय, स्प्रिंगचं माप आणि शेवटी मालकाबद्दल दोन ओळी. त्या दोन ओळींवर बाबांचा विशेष जीव. एका तुरुंगाच्या घड्याळाखाली त्यांनी सांगितलं होतं, "आतल्या कोणालाच घाई नव्हती, तरी साहेबाला सेकंदकाटा हवा होता." हे सांगताना ते इतके हसले होते की मोठीला टाईप करणं थांबवून त्यांना पाणी द्यावं लागलं होतं.

अशी तीनशे बारा घड्याळं झाली. लॅपटॉप भरून वाहायला लागला तेव्हा तिने सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हलवलं. बाबा ज्या जुन्या वह्या बघून सांगायचे त्यांना कसर लागली होती. टाईप झालेली वही ती रद्दीत टाकत गेली. आणखी एक कॉपी करून ठेवायला हवी, हे तिला कळत होतं. या रविवारी करू, पुढच्या रविवारी करू, असं चाललं होतं.

मध्येच एकदा धाकटा भाऊ आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, महिन्या-दोन महिन्यांनी तासभर डोकावून जायचा. जाताना म्हणाला, "ताई, डिस्क नेऊ का चार दिवस? बाबांचे फोटो आहेत ना त्यात, मुलांना दाखवतो." तिला बरं वाटलं. निदान बघावंसं तरी वाटलं याला.

चार दिवसांचे बारा झाले. तिने दोनदा फोन केल्यावर तो एका दुपारी आला, ती कामावर असताना डिस्क बाबांच्या टेबलावर ठेवून गेला.

संध्याकाळी तिने डिस्क जोडली. निळा दिवा लागला, डिस्क फिरल्याचा बारीक आवाज आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

तिने 'नाही' दाबलं. डिस्क काढून पुन्हा लावली. तोच प्रश्न. चार वेळा 'नाही' दाबून झालं. तिने भावाला फोन लावला.

"अरे, डिस्क उघडत नाहीये. तुझ्याकडे चालत होती ना?"

"हो, मस्त चालत होती," तो म्हणाला. "केबल बदलून बघ. बरेचदा केबलच असते."

तिने केबल बदलली. मग त्याने सांगितलं तसं दुसऱ्या पोर्टला लावून पाहिलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नेऊन पाहिलं, लॅबमधल्या कॉम्प्युटरवरही लावली. भाऊ रोज न चुकता फोन घ्यायचा, रोज नवा उपाय सांगायचा. एरवी तीन फोन केले की एक उचलणारा माणूस इतका मदतीला धावतोय याचं तिला अप्रूप वाटलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पडली बिडली का गं कुठे? मी टेबलावर ठेवली होती. बाबांचा हात लागला असेल."

हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आता आलं, आणि आलं ते ठाण मांडून बसलं.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्ही टेबलावरची डिस्क उचलली होतीत का?"

"पेपर ठेवायला जरा बाजूला केली होती."

"पडली का?"

बाबा आठवू लागले. "नसावी," ते म्हणाले.

"नसावी म्हणजे? नीट आठवून सांगा ना. सहा वर्षांचं काम आहे माझं त्यात."

'माझं' हा शब्द तोंडातून गेला तो गेलाच. बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच थरथरत होता. "पडली असेल," ते हळूच म्हणाले. "या हाताचा काय भरवसा."

त्यानंतर तीन आठवडे घरात एक अपराधी राहत होता. बाबांनी टेबलाकडे जाणं सोडलं. पेपर मांडीवर घेऊन वाचायचे. कपबशी उचलायच्या आधी तिच्याकडे बघायचे. एकदा रिमोट हातातून निसटून गादीवर पडला तर म्हणाले, "याला काही झालं नाही बरं का, गादीवर पडला." तिला गलबलून आलं, पण त्या गलबलण्यात रागही होता.

शेवटी लॅबमधल्या एका डॉक्टरीणबाईंनी डेटा परत काढून देणाऱ्या एका दुकानाचा पत्ता दिला. जिन्याखालची चिंचोळी खोली, भिंतीला टेबल, टेबलावर उघडी पडलेली यंत्रं, आणि त्यांच्यामागे चष्मा कपाळावर चढवलेली एक पन्नाशीची बाई. डिस्क पडलीय, असं मोठीने सांगितल्यावर तिने ती कानाशी धरून हलवली, जोडली, दिवा बघितला.

"कोणी सांगितलं पडली म्हणून?"

"वडिलांच्या हातून पडली. बहुतेक."

"पडलेली डिस्क खटखट करते. ही बघा, कशी सुरळीत फिरतेय." तिने बराच वेळ पडद्यावर काहीतरी चाळलं. मग चष्मा डोळ्यांवर घेतला. "ही टीव्हीला कोणी लावली होती?"

"टीव्हीला?"

"नव्या टीव्हीला डिस्क लावली की तो विचारतो, रेकॉर्डिंगसाठी तयार करू का, आतलं सगळं पुसलं जाईल. कोणीतरी 'हो' म्हटलंय. टीव्हीची मांडणी वेगळी असते, ती तुमच्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही, म्हणून तो फॉरमॅट करायला सांगतोय. डिस्क ठणठणीत आहे." बाईने पडदा मोठीकडे वळवला. "टीव्हीने केलेलं रेकॉर्डिंग आपल्याला बघता येत नाही, पण नावं आणि तारखा दिसतात. पुसल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस. फुटबॉलचे सामने."

मोठीने तारखा वाचल्या. डिस्क तेव्हा कुठे होती ते बोटांवर मोजून काढायची गरज नव्हती.

"सगळं येईल ना परत?" तिने विचारलं.

"पुसल्या पुसल्या आणली असती तर जवळजवळ सगळं आलं असतं," बाई म्हणाली. ती हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणत असावी, तरी या वेळी तिने जरा आवाज उतरवला. "पण वरून आठ दिवस रेकॉर्डिंग झालंय. जिथे सामने बसले तिथलं गेलं. दुसरी कॉपी आहे कुठे?"

"नाही."

बाईने नुसतं पावतीपुस्तक पुढे ओढलं, आणि ते मोठीला जास्त लागलं.

नऊ दिवसांनी तिच्या हातात जे यायचं होतं ते असं : फोटो दोन हजारांच्या वर, पण एकाचंही नाव शिल्लक नाही, नुसते आकडे, आणि मजकुराच्या फायली एकोणीस. तीनशे बारापैकी एकोणीस. तुरुंगाचं घड्याळ त्यात नव्हतं.

पण त्या दिवशी, डिस्क तिथे सोडून, तिने दुकानाबाहेरच्या फुटपाथवर उभं राहून भावाला फोन केला.

"टीव्हीला लावली होतीस?"

"मुलांना मोठ्या पडद्यावर फोटो दाखवायचे होते. काहीतरी विचारलं त्याने, मी ओके केलं. कोण वाचतं गं ते सगळं?"

"आणि मग सामने रेकॉर्ड केलेस."

"गेलंच होतं ना सगळं. मला वाटलं आता काय, गेलं ते गेलं."

"केबल बदल म्हणालास मला. तीन आठवडे केबली बदलत होते मी."

"सांगणार होतो, ताई. तू इतकी टेन्शनमध्ये होतीस—"

"आणि बाबांचं नाव का घेतलंस?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला," एवढंच तो पुटपुटला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण भर रस्त्यात ओरडायची तिला सवय नव्हती. तिने फोन ठेवला.

घरी येऊन तिने बाबांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. टीव्ही, तारखा, सामने. "तुमच्या हातून काही झालं नव्हतं. मी उगाच तुम्हाला बोलले. चुकले."

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मान हलवली. "नाही गं. तो असं करणार नाही. केलं असतं तर सांगितलं असतं त्याने. माझ्याच हातून पडली. आता मला आठवतंय, आवाज पण झाला होता."

"बाबा, ती पडलेलीच नाही. दुकानातल्या बाई म्हणाल्या—"

"त्या बाईंना काय माहीत? त्या होत्या का इथे?"

तीन आठवडे तिने जे त्यांच्या गळी उतरवलं होतं ते आता काही केल्या बाहेर निघेना. तिला वाटलं, हे मुलाला पाठीशी घालतायत. मग वाटलं, नाही, यांना खरंच आठवतंय. यातलं कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता आलं नाही.

रविवारी धाकटा आला. हातात नव्या डिस्कचा डबा, जुनीच्या चौपट मोठी. बाबांनी डबा दोन्ही हातांनी धरला. "बघ, किती मोठी आणली त्याने," ते मोठीला म्हणाले. मग त्याच्याकडे वळून, "हिला उगाच तुझ्याबद्दल शंका आली रे. मनावर घेऊ नकोस. माझ्या हातून पडली ती."

मोठी भावाकडे बघत राहिली. एवढी सोपी संधी. एक वाक्य.

धाकट्याने चहाचा कप खाली ठेवला. बाबांच्या थरथरत्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या बाबा. होतं असं. या वयात चालायचंच."

बाबांचा चेहरा उजळला. महिन्याभरात पहिल्यांदा.

त्या चेहऱ्याकडे बघून मोठीच्या जिभेवर आलेलं सगळं जिभेवरच राहिलं. ती भावाला पोचवायला जिन्यापर्यंत गेली आणि तिथे म्हणाली, "यापुढे येशील तेव्हा आधी फोन करून ये. मी घरात नसेन अशी वेळ सांगेन तुला."

"ताई, एवढ्याशा गोष्टीवरून—"

"जा तू."

नवी डिस्क तिने वापरली. दुसरी एक स्वतः आणली, आणि उरलेलं किडुकमिडुक दोन्हींवर ठेवलं. बिननावाचे फोटो ती एकेक करून बाबांना दाखवायची आणि विचारायची, हे कुठलं? काही ते फटकन ओळखायचे. काहींना एकदा शाळेचं म्हणायचे, दुसऱ्या दिवशी कचेरीचं. वर्षभरात कशीबशी साठ घड्याळं परत लिहून झाली. त्यांत मापं होती, दुखणी होती. मालकांबद्दलच्या ओळी बाबांनी पुन्हा सांगितल्या नाहीत. तिने तुरुंगाच्या घड्याळाबद्दल मुद्दाम छेडलं तर म्हणाले, "तुरुंगात? तुरुंगात कशाला जाईन मी?"

सेकंदकाट्याचं ते वाक्य तिला तोंडपाठ होतं. तिने ते स्वतः टाईप केलं, फोटो कुठला ते कळेना म्हणून फाईल तशीच बिनफोटोची ठेवली, आणि दोन्ही डिस्कांवर कॉपी केली.