अनुभवाचा दाखला

जितेंद्रने पिशवीतून पिवळा पडलेला कागद काढला आणि टेबलावर पालथाच ठेवला. ओरोसच्या दारूबंदी कचेरीत त्याच्या मागे आणखी चौघे उभे होते. त्यांच्यापैकी कुणी हा कागद वाचू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

काजूच्या बोंडूंची दारू गाळायला सरकार आता परवाना देणार होतं. पिढीजात गाळणाऱ्यांना आधी, पण अनुभवाचा पुरावा हवा. आता जे काम जन्मभर चोरून केलं, त्याचा पुरावा कोण जपून ठेवतो? धुरींच्या घरात तो होता, कारण तो कोर्टाने दिला होता.

टेबलापलीकडच्या अधिकारी नीरजा मॅडमनी कागद सुलटा केला.

"हरिश्चंद्र धुरी. बेकायदा भट्टी, तीन महिने कैद. हे कोण?"

"वडील. तीन वर्षांपूर्वी वारले."

शाळेत पोरं त्याला भट्टीवाल्याचा म्हणत. त्या रागात तो बापाशी कधी धड बोलला नाही. सही करतानाही बापाला 'ह.' एवढ्यावरच उरकायचा.

"म्हणजे अनुभव त्यांचा. अर्ज तर तुमच्या आईचा आहे. हा कागद चालणार नाही, आणि आज शेवटची तारीख."

शेजारी बसलेल्या त्याच्या आईने, सुशीलाबाईंनी, पदर सारखा केला.

"तेंका बोंडूंच्या वासान पण मळमळायचा," त्या म्हणाल्या. "भट्टी माजी. माज्या आवशीन माका शिकवलेली."

"पण कागदावर..."

"धाड इली तेवां ह्यो पोटात होतो. सातवो म्हयनो. तेंनी पोलिसांक सांगल्यानी, भट्टी माजी, आणि तेंच्या गाडीत जावन बसले."

जितेंद्र आईकडे वळला.

"तू माका कधी सांगलंस नाय?"

"तेंनी सांगूक दिल्यानी नाय. म्हणायचे, लोकांनी बापाक नावां ठेवली तर पोरगो रागावतलो. आवशीक ठेवली तर खचतलो."

मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला.

"हेच लिहून द्या, कोर्टाच्या कागदाला जोडते. आईंचा अंगठा, आणि साक्षीदार म्हणून तुमची सही."

जितेंद्रने आई सांगेल तसं सगळं लिहून काढलं. बापाची इतकी आठवण त्याला तो गेला तेव्हाही आली नव्हती. खाली सवयीने 'जितेंद्र ह.' लिहून झालं आणि हात थांबला. त्याने ते खोडलं.

"खाडाखोड चालत नाही हो," मॅडम म्हणाल्या.

"दुसरा कागद द्या, मॅडम. सगळं परत लिहितो. वडिलांचं नाव पुरं लिहायचंय."