बंद जेटीची वीस वर्षं

त्या मार्गशीर्षात आंबेखोलात सगळे गावपळणीची वाट बघत होते. सुदेश राऊळ एकटा ‘बंद जेटी’ची.

गावपळण म्हणजे काय ते आंबेखोलात शेंबड्या पोरालाही कळतं. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव घरं सोडून वेशीबाहेर माळावर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळी. चूल विझवायची, दाराला कडी लावायची आणि मागे बघायचं नाही. माळावर माडाच्या झापांच्या झोपड्या, तीन रात्री भजनं, पत्ते, मटण. तेवढे दिवस गाव देवाचा. रिकाम्या गावात त्या रात्री कोण फिरतं ते कुणी बघितलेलं नाही, पण घाबरतात सगळे.

आणि ‘बंद जेटी’ म्हणजे गोव्यातला बँड. चार जण, दोन गिटार, अर्धी कोकणी अर्धी मराठी गाणी. लग्नात वाजवता येणार नाहीत अशी. सुदेश गोव्यात औषधांच्या कंपनीत कामाला होता तेव्हा त्यांचा पहिला कार्यक्रम त्याने एका कॉलेजच्या मैदानात उभ्याने ऐकला होता. मैदानात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. शेजारी उभा असलेला एक अनोळखी पोरगा मान हलवून हलवून वेडा झाला होता. तो रेडी गावचा मुझफ्फर. तेव्हापासून दोघे दोस्त. बँडला आता वीस वर्षं होत होती. वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम गोव्यात होता, आणि बँडने जाहीर केलं होतं की हा शेवटचा. ह्याच्यानंतर नाही.

सुदेश चार वर्षं गावाबाहेर पडला नव्हता. बापाला, भिकाजीला, अर्धांगाचा झटका आला आणि नोकरी सोडून हा घरी बसला. बायको केव्हाच माहेरी गेलेली. बहीण रुक्मिणी धामापुरात दिलेली, ती चतुर्थीला यायची, बापाच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि रडून जायची. उरलेलं वर्ष बापाचं हगणंमुतणं सुदेशकडे. भिकाजीचं डावं अंग गेलं होतं. जीभ मात्र शाबूत होती, आणि ती तो झिलावर, म्हणजे पोरावर, धार लावून वापरायचा.

“तिकीट काढलंस म्हणे?”

“काढलंय.”

“माझा खंय आसा? मी पण नाचतंय मगे, एका पायार.”

“गप रव, आबा.”

“मी मेल्यार जा. तेरावो जेव आणि जा. तवसर ह्या उचल.” भिकाजी उजव्या हाताने भांडं दाखवायचा.

कौल झाला आणि गावपळणीचा दिवस ठरला. शनिवार. ‘बंद जेटी’चाही तोच शनिवार. सुदेशला पहिल्यांदा हसू आलं. मग तो बापाची सोय लावायला निघाला.

रुक्मिणीने फोनवरच सांगितलं, “माझी सासू पण खाटेर आसा रे. दोन दोन म्हातारी मी खंय घालू?” शेजारची शेवंतीकाकी झोपडीत बघेन म्हणाली असती, लग्नकार्य असतं तर. गाण्याचं ऐकल्यावर ती चार बायांसमोर फिसकन हसली. “बापूस हयसर हगतलो आणि तू थंयसर नाचतलंस? लाज वाटूक व्हयी रे सुदेशा.” त्याच्यानंतर सुदेशने कुणालाच विचारलं नाही. लाज वाटली म्हणून नाही. लाज-बीज धुऊन झाली होती चार वर्षांत. तो चिडला. ज्या गावाने चार वर्षांत एकदाही त्याच्या बापाची चादर बदलली नाही, तो गाव त्याला लाज शिकवत होता.

मग त्याने दोन थापा मारल्या. गावाला सांगितलं, बापाला रुक्मिणी धामापूरला नेते आहे. रुक्मिणीला सांगितलं, बापाला मी माळावर झोपडीत नेतो आहे. रुक्मिणी गावाशी बोलत नव्हती आणि गाव रुक्मिणीशी. थाप टिकणार होती.

शनिवारी सकाळी त्याने बापाला पुसलं, कपडे बदलले, खाटेशी स्टूल ओढलं. त्यावर पाण्याचा मोठा कॅन, कॅनमध्ये नळी, बिस्किटांचे पुडे, केळी.

“आबा, एकच रात. उद्या सकाळी मागल्यान साकवावरसून येतंय. कोणाक कळाचा नाय.”

भिकाजी स्टुलाकडे बघत राहिला. टोमणा नाही, शिवी नाही. सुदेशला तेच नवीन वाटलं.

“सुदेशा, माका हयसर ठेव नको.”

“एक रात रे.”

“माका वेशीर नेवन टाक. गुरांत बांध. पण गाव खाली असताना हयसर नको. माका भीती वाटता.” सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर गावाला शिव्या घालणारा माणूस हे म्हणाला. त्याच्या चांगल्या हाताने सुदेशचं मनगट धरलं होतं.

बाहेर ढोल सुरू झाला. गाव निघाला होता. सुदेशने एकेक करून बोटं सोडवली. दाराला कडी घातली आणि सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखाच, मागे न बघता चालू लागला.

दुपारी तो रेडीत मुझफ्फरच्या गाडीत बसला.

“बापूस?” मुझफ्फरने विचारलं.

“भयणीकडे.”

“बरा झाला. मेल्या, दाढी तरी करून येवचा! ते स्टेजवरसून बघतीत, म्हणतीत ह्यो कोण आजो इलो.”

कार्यक्रमाचं काय सांगायचं? चांगला झाला. सुदेशचा घसा बसेपर्यंत चांगला झाला. सगळ्या ओळी त्याला पाठ होत्या आणि आपल्याला अजून पाठ आहेत ह्याचं त्याला रडू आलं. चाळिशी उलटलेले दोन बाप्ये एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. त्या अडीच-तीन तासांत भिकाजी त्याला एकदाही आठवला नाही. ह्यात खोटं काही नाही आणि हे वाचून कुणाला राग आला तर येऊ दे.

रविवारी सकाळी तो खाडीवरच्या छोट्या पुलापाशी, साकवापाशी आला, तर साकवावर गावचे चार पोरगे काठ्या घेऊन बसलेले. मागच्या गावपळणीला कुणी बाहेरचे आत शिरले होते, रिकाम्या गावाचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला होता. म्हणून ह्या वेळी मानकऱ्यांनी प्रत्येक वाटेवर राखण बसवली होती. सुदेश चार दिवस गाण्याच्या धुंदीत होता. बैठकीला गेलाच नव्हता.

“सुदेशदादा, आत जावक मेळाचा नाय.”

“गोळ्यो रवल्यो रे घरात.”

“कोणाच्यो?”

“आबाच्यो.”

“आबा धामापुराक मा?” पोरगा हसला. “मगे थंयच घे म्हणान सांग. थंयसर काय मेडिकल नाय?”

त्याच क्षणी बोलायचं होतं. तीन शब्द: आबा आत आसा. पोरांनी आरडाओरडा केला असता, गावाने त्याला जोड्याने मारलं असतं, देवाचा नेम मोडला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवली असती. पण म्हातारा बाहेर आला असता. सुदेशने साकवाखालच्या पाण्याकडे बघितलं. ओहोटीला खाडीतून जाईन, म्हणाला मनात. ओहोटी आली, गेली. माळावरच्या त्याच्या झोपडीत शेवंतीकाकीने मटणाचं ताट आणून दिलं, ते त्याने खाल्लं. रुक्मिणीचा फोन आला.

“आबा कसो आसा?”

“निजलो.”

“जेवलो?”

“जेवलो.”

सोमवारही तसाच गेला.

मंगळवारी सकाळी धोंडू घाडी, गावचा मोठा मानकरी, आणखी दोघांना घेऊन देवळात कौल घ्यायला आत गेला. देवाच्या पाषाणाला तांदळाचे दाणे चिकटवायचे, उजवा दाणा आधी पडला की देवाचा होकार, गाव परत भरायचा. अख्खा माळ सामान बांधून बसला होता. सुदेश सगळ्यांत पुढे, धावायच्या तयारीत. त्याचं घर देवळाच्या मागच्या दगडी गडग्याला लागूनच.

तिघेही परत आले ते जवळजवळ पळतच. धोंडूचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“देवान कौल दिलो नाय,” तो म्हणाला. “कौल लावकच दिलो नाय.”

“कित्याक?”

“पाषाणाक हात लावतंय आणि मागल्यान हाक इली. माझ्या नावान. धोंडू, धोंडू, असा. माणसासारखो आवाज, पण माणसाचो नाय तो. चिरकलेलो.” त्याने कानाला हात लावले. “गाव अजून खाली झालो नाय. आत कोणतरी फिरता. आजची रात आणि भायर.”

बायांनी पोरांना पोटाशी धरलं. पुरुषांनी देवळाच्या दिशेला हात जोडले. कुणाच्याही, एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की गावात माणूस असेल आणि तो मदत मागत असेल. साठ-सत्तर घरांत मिळून ते कळणारा एकच होता.

त्याने फक्त विचारलं, “धोंडूकाका, कोण आत रवलो असात तर?”

“आत रवलो तो देवाचो,” धोंडू म्हणाला.

सुदेशनेही हात जोडले.

बुधवारी दाणा उजवा पडला. ढोल वाजला आणि सुदेश धावत सुटला. लोक हसले, काय ती घराची ओढ.

भिकाजी खाटेवर नव्हता. तो फरफटत दारापर्यंत आला होता. दाराच्या खालच्या फळीवर नखांचे ओरखडे होते. कॅन आडवा पडलेला, कोरडा. पण जिवंत होता. सुदेशने त्याला उचललं, धुतलं, खाटेवर ठेवलं, पातळ पेज करून आणली. म्हाताऱ्याचा आवाज गेला होता. दोन चमचे पोटात गेल्यावर तो खरखरला.

“धोंडू इल्लो. मी हाक मारलंय. पळालो मेलो.”

“माका म्हायती आसा,” सुदेश म्हणाला.

ते तोंडातून सुटलं आणि सुटल्यावर परत घेता आलं नाही. भिकाजी त्याच्याकडे बघत राहिला. झिलाला माहीत होतं. आपण ओरडलो ते झिलाला बाहेर कळलं होतं आणि तरी एक रात्र आणखी गेली. हे सगळं त्याच्या त्या एका बाजूच्या तोंडावर, हळूहळू, चिखलात पाणी मुरावं तसं उतरताना सुदेशने बघितलं.

तेवढ्यात शेवंतीकाकी दारात. “अरे, भिकाजीभाऊ इले पण?”

“वरच्या रस्त्यान रुक्मिणीची गाडी येवन गेली,” सुदेश म्हणाला. चमचा त्याच्या हातात होता, वाटी आणि तोंडाच्या मध्ये.

“कसे रवलास भाऊ चेडवाकडे, रुक्मिणीकडे? बरे मा?”

भिकाजीने शेवंतीकडे बघितलं नाही. चमच्याकडे बघितलं. मग तो धरलेल्या हाताकडे.

“बरो रवलंय,” तो म्हणाला.

चमचा पुढे आला.

शेवंतीने गावभर सांगितलं, बापाची सेवा करावी तर सुदेशने, स्वतःच्या हाताने भरवतो हो. आणि तिथून भिकाजी बदलला. टोमणा बंद, शिवी बंद. भांडं हवं असलं की “सुदेशबाबा” म्हणायचा, हळू. सुदेशला पहिले काही दिवस ते ऐकवेना. मग सवय झाली. मग, खरं सांगायचं तर, बरं वाटू लागलं. घरात चार वर्षांनी शांतता होती.

शिमग्याच्या आसपास मुझफ्फरचा फोन आला. सुदेश भांडी घासत होता, म्हणून फोन स्पीकरवर. मुझफ्फर किंचाळत होता. “मेल्या, परत करतत! लोकांनी मागणी केली म्हणान परत करतत! येत्या दिवाळीच्या मागल्यान, ह्या खेपेक दोन दिवस! दोन दिवस रे!”

“काढ तिकिटा,” सुदेश म्हणाला. “दोनूय दिवसांची.”

आतल्या खोलीत खाट करकरली.

दुसऱ्या दिवशी चादर बदलताना त्याने बापाला कुशीवर वळवलं आणि उशी उचलली. उशीखाली बिस्किटं होती. रोज चहाबरोबर दिलेल्यांतली, एकेक वाचवलेली, फडक्यात गुंडाळलेली. खालची मऊ पडली होती. बाजूला औषधाची रिकामी बाटली, पाणी भरून, बूच घट्ट लावलेली.

भिकाजीने डोळे मिटून घेतले होते.

सुदेशने चादर घातली, कोपरे ताणले. मग फडकं होतं तिथेच ठेवलं, बाटली होती तिथेच ठेवली आणि त्यावर उशी नीट बसवली.

वळण्याआधी त्याने बाटलीचं बूच एकदा हाताने बघून घेतलं. गळत नव्हतं.